कॅमेरा क्रमांक २३ : पेंचच्या जंगलातल्या थरारकादंबरीच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी एका मानसशास्त्रीय थरारकादंबरीच्या कामाच्या आहेत. जागा पेंचचं जंगल, काळ वैशाखाचा. मुख्य पात्रं दोनच: कॅमेरा ट्रॅप (समोर कोणी आलं की आपोआप चित्र काढणारा कॅमेरा) लावणारा कंत्राटी तंत्रज्ञ आणि संरक्षण कुटीवरचा म्हातारा चौकीदार. गाभा असा की रात्री २ वाजून ४० मिनिटांच्या एका चित्रात तंत्रज्ञ स्वतःच दिसतो, आणि आपण तिथे गेल्याचं त्याला अजिबात आठवत नाही. विदर्भातल्या जंगलावर असं काही लिहायला घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका आणि वाया गेलेले दिवस जसेच्या तसे ठेवले आहेत. कथानक यात उघडं पडतं, त्याला इलाज नाही.

४ डिसेंबर २०२४

आराखडा ठरला. ४० प्रकरणं, ८०,००० शब्द, रोज ८०० शब्द, आठवड्याला पाच दिवस. म्हणजे २० आठवडे.

जागेबद्दल पहिला निर्णय: नदी, तोतलाडोह धरण, सिल्लारी, कोलितमारा, ४४ नंबरचा महामार्ग हे सगळं खरं. बीट (एका वनरक्षकाच्या ताब्यातला जंगलाचा तुकडा), कुटी आणि नाला काल्पनिक. खरी बीट घेतली की तिथला वनरक्षक खरा होतो आणि कादंबरीतला संशय जिवंत माणसावर जातो. पण सगळंच काल्पनिक केलं तर अंतरं ढिली पडतात. म्हणून खऱ्या नकाशावर एक खोटी बीट बसवली आणि तिच्यापासून महामार्ग, गाव, पाणवठा किती किलोमीटरवर ते आधीच लिहून ठेवलं. हा कागद पुढे सगळ्यात जास्त वेळा उघडला गेला.

२९ डिसेंबर २०२४

पहिली मोठी पडझड. आराखड्यात नायक नऊ दिवस जंगलात हरवतो. अकरा प्रकरणं त्यावर उभी होती. १४,००० शब्द लिहून झाल्यावर ती पाडावी लागली.

कारण साधं आहे. हे जंगल निर्मनुष्य नाही. कुट्या आहेत, गस्तीच्या पाऊलवाटा आहेत, बफरच्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्याच्या, कडेला गुराखी आहेत. सौरपंपावरचे कृत्रिम पाणवठे आहेत, त्यामुळे तहानेने तडफडणं किलोमीटर-दोन किलोमीटरवर खोटं ठरतं. सुक्या नाल्याच्या वाळूत हातभर झिरा खणून पाणी काढता येतं हे या भागात लहान मुलालाही माहीत असतं. रात्री महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज लांबवर येतो आणि दक्षिणेला क्षितिजावर नागपूरचा उजेड दिसतो. २०२४ च्या जानेवारीत पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेलं जंगल, ठरलं. इतक्या काळ्या आभाळात तो उजेड उलट जास्तच ठळक दिसतो. नऊ दिवस दिशा सापडत नाही असं लिहिलं तर विदर्भातला वाचक पुस्तक मिटेल.

दुसरी चूक याच्याच पोटातली. नायक भर दुपारी गोल गोल फिरून त्याच ऐनाच्या झाडाशी परत येतो असा प्रसंग होता. माणूस खरंच वर्तुळात चालतो, पण कधी? जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या यान सौमान यांच्या गटाने २००९ साली माणसांना जंगलात आणि सहारात चालायला लावून हे मोजलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. तो झाकला गेला की वळत वळत स्वतःच्याच वाटेवर आली. वैशाखात सागाला पान नसतं, ऊन थेट डोक्यावर असतं. तिथे वर्तुळ होत नाही.

दुरुस्ती: नऊ दिवसांच्या तीन रात्री केल्या. गोल फिरण्याचा प्रसंग अवकाळी ढगांच्या संध्याकाळी नेला. आणि मुख्य बदल म्हणजे नायक हरवतच नाही. त्याला बाहेरची वाट माहीत आहे, तो बाहेर पडत नाही. हे सापडल्यावर कादंबरीचा प्रश्नच बदलला, आणि तो आधीच्यापेक्षा कितीतरी भीतिदायक आहे.

वाया गेले: १८ दिवस.

१९ जानेवारी २०२५

चंद्राची चूक. मधली रात्र वैशाख शुद्ध अष्टमीची धरली होती आणि २:४० ला नायकाला चांदण्यात पांढरं कुलूचं झाड दिसतं असं लिहिलं होतं. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर तासाभरात मावळतो. २:४० ला मिट्ट काळोख.

दोन वाटा होत्या. रात्र त्रयोदशीला नेली असती तर चंद्र पहाटे चारच्या आसपासपर्यंत मिळाला असता. ते करून पाहिलं, प्रसंग देखणा झाला आणि भीती गेली. मग अष्टमी तशीच ठेवली आणि चांदणं काढून टाकलं. काळोखात नायकाला आपण कुठे उभे आहोत ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. प्रसंगाला हेच हवं होतं.

जंगलाची कादंबरी असेल तर पंचांग आधी उघडा. प्रत्येक रात्रीसमोर तिथी, चंद्र उगवण्याची आणि मावळण्याची वेळ लिहा, मग पहिलं वाक्य लिहा. ही सारणी करायला दोन तास लागले. ती आधी केली असती तर चार प्रकरणांची फेरजुळणी वाचली असती.

याच सारणीने आणखी एक चूक पकडली. मोहफुलं पहाटे टपटपतात तो प्रसंग वैशाख पौर्णिमेला टाकला होता. मोहाचा बहर मुख्यतः चैत्रातला. वैशाखात बफरच्या बाहेर तेंदूपानाची लगबग असते, सत्तर पानांचा पुडा बांधणारे हात असतात. मोह काढला, तेंदू घातला.

९ फेब्रुवारी २०२५

कॅमेऱ्यावर पूर्ण तीन आठवडे गेले. सगळं कथानक या एका वस्तूवर टांगलेलं आहे, त्यामुळे इथे घाई केली नाही. चार भोकं सापडली.

पहिलं, फ्लॅश. वाघांच्या मोजणीत पट्टे स्पष्ट यावेत म्हणून पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरेही लावतात. तसा कॅमेरा असेल तर काळोखात लख्ख उजेड पडतो आणि आपलं चित्र निघालं हे माणसाला कळतंच. मग ‘मला माहीत नव्हतं’ हे पहिल्याच पानावर कोसळतं. म्हणून २३ नंबरचा कॅमेरा मोजणीचा नाही, शिकारी पकडण्यासाठी लपवलेला आहे असं केलं. त्यात डोळ्याला न दिसणारं अवरक्त किरण, ९४० नॅनोमीटरचं. ८५० वालं घेतलं तर दिव्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. प्रूफ तपासताना हे दोन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका.

दुसरं, उंची. वाघासाठी कॅमेरा जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर, गुडघ्याच्या पातळीला बांधतात. उसना कॅमेरा अंगणातल्या खांबाला तेवढ्याच उंचीवर बांधून पाहिला: अडीच मीटरवर उभ्या माणसाचं डोकं कापलं जातं, फक्त छातीपर्यंतचा भाग येतो. चित्रात चेहराच नसेल तर कथा नाही. कॅमेरा वर बांधणं हा सोपा उपाय होता, पण मग तो कॅमेरा माणसाच्या चेहऱ्यासाठीच बांधला होता असा वेगळाच धागा निघतो. उपाय असा केला की चित्रातला माणूस उभा नाही. तो उकिडवा बसून थेट भिंगात बघतो आहे. त्या एका बदलाने पहिलं प्रकरण उभं राहिलं.

तिसरं, चकाकी. जवळची फिकी वस्तू अवरक्त उजेडात पांढरी फट्ट येते. कुलूची साल गुळगुळीत, पांढुरकी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. माणूस त्याच खोडाला टेकून बसला की खोडाची चकाकी अर्धा चेहरा गिळते. उरतो एक कान, भुवईचं टोक आणि शर्टाचा तिसरा खिसा, ज्याची शिवण उसवलेली आहे. त्या शिवणीवर पुढे सहा प्रकरणं चालली.

चौथं, दुपार. हे कॅमेरे उष्णतेतला फरक आणि हालचाल, दोन्ही मिळून चालू होतात. वैशाखाच्या दुपारी हवा आणि माणसाचं अंग जवळपास एकाच तापमानाला आलं की समोरून गेलेला माणूसही सुटू शकतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले आहेत, तेव्हा हे काही कल्पनेतलं नाही. म्हणून ‘दुपारी कोणीच आलं नाही, कॅमेऱ्यात काही नाही’ हा नायकाचा पुरावा पोकळ आहे. तो तंत्रज्ञ आहे, त्याला हे ठाऊक असायला हवं. तरी तो ते वाक्य म्हणतो, तिथे जाणता वाचक सावध होतो.

२ मार्च २०२५

आवाज. सागाचं वाळलेलं पान पापडासारखं वाजतं. वैशाखात जमिनीवर त्यांचा थर असतो, मुंगूस गेलं तरी माणूस चालल्यासारखं वाटतं. माझ्या आठ प्रसंगांत कोणीतरी ‘मागून अलगद’ येत होतं. त्या थरावर अलगद कोणी येत नाही.

उपाय जंगलातच होता. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. त्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे, जाळून, झाडून साफ केलेल्या असतात. तिथे पाय वाजत नाही. आठही प्रसंग जाळरेषेवर किंवा गाडीवाटेच्या फुफाट्यात हलवले. आता नियम असा झाला की पाचोळ्यात आवाज येतो तेव्हा भीती नाही, नायक जाळरेषेवर आला की भीती. हा नियम कुठेही सांगितला नाही, तरी दहाव्या प्रकरणापर्यंत वाचकाच्या अंगात भिनतो.

प्राण्यांचे आवाजही तपासले. चितळ, सांबर, भेकर, वानर, प्रत्येकाचा इशारा वेगळा. सांबर सहसा उगाच बोलत नाही, म्हणून तो अख्ख्या पुस्तकात तीनदाच वापरला. रातव्याचा एकसुरी ‘चक चक चक’ मात्र भरपूर. झोप न झालेल्या माणसाला तो घड्याळासारखा ऐकू येतो.

३० मार्च २०२५

नायकाचं मन. इथे घोळ जास्त आणि तो मान्य करायला वेळ लागला.

पहिल्या खर्ड्यात त्याला पहिल्याच रात्री भास होतात. धडधाकट माणसाला एका जाग्या रात्रीत एवढं होत नाही. तासांची सारणी केली: किती तास झोप नाही, किती लिटर पाणी पोटात गेलं, शेवटचं जेवण कधी, उन्हात किती वेळ. तिसऱ्या रात्रीपर्यंत जागरण ६१ तासांवर गेलं. मग डुलक्या, मग पाचोळ्यातले शब्द, मग माणूस, असा क्रम लावला. उष्माघात घालायचा मोह होता, पण अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन शुद्ध हरपू लागलेला माणूस तीन रात्री तर्क लढवू शकत नाही, त्याला तातडीने गार करून दवाखान्यात न्यावं लागतं. तो काढला.

धोतऱ्याचं बी चहात, हा प्रसंगही काढला. धोतऱ्याने भ्रम होतो, तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, नंतर काही आठवत नाही. सगळं जुळत होतं, आणि म्हणूनच वाईट होतं. एका बीने सगळं सुटलं तर मनाचा प्रश्न उरत नाही.

‘सोबत आणखी कोणीतरी चालतंय’ ही जाणीव ठेवली. तिला भक्कम आधार आहे. १९१६ साली दक्षिण जॉर्जिया बेट ओलांडताना शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन या तिघांना चौथा माणूस सोबत असल्यासारखं वाटलं होतं. अशी सोबत बहुतेकदा धीर देणारी असते. माझ्या खर्ड्यात ती धमकावत होती. उलटी केली: ती नायकाला प्रेमाने सांगते की इथेच थांब. आता ती खरी घाबरवते.

२० एप्रिल २०२५

पहिला खर्डा पूर्ण, ७६,४०० शब्द. आज फक्त संवाद.

चौकीदाराचं आधीचं वाक्य: “साहेब, काल रात्री आपण कुठे गेला होतात? मी हाक मारली, पण आपण पाहिलं नाही.”

आताचं: “साहेब, राती कुठं चालले होते तुम्ही? मी आवाज देऊन राहिलो, तुम्ही पाहूनच नाही राहिले.”

‘देऊन राहिलो’ मध्ये हाक अजून चालू आहे. प्रमाण मराठीत ती एकदा मारून संपते. ही ताकद बोलीची आहे, ती फोडणीसारखी वरून घालायची वस्तू नाही. बोलीच्या तीनच खुणा ठेवल्या: ‘-ऊन राहणे’, ‘मले-तुले’, ‘काहून’. याहून जास्त केलं की पुण्या-कोल्हापूरचा वाचक अडखळतो आणि नागपूरच्या वाचकाला नक्कल वाटते. चौकीदार गोंड आहे, पण ज्ञान नसताना गोंडी वाक्यं रचली नाहीत. तो गोंडीत बोलतो तिथे नायकाला कळत नाही, वाचकालाही कळत नाही.

संबोधनांचा हिशेबही लिहून ठेवला. चौकीदार ‘साहेब’ म्हणतो, नायक ‘काकाजी’. सोळाव्या प्रकरणानंतर नायक ‘तुम्ही’ सोडत नाही, पण ‘काकाजी’ एकदाही म्हणत नाही. त्याच प्रकरणापासून म्हातारा ‘साहेब’ सोडून ‘बापू’ म्हणू लागतो. एकाचा संशय आणि दुसऱ्याची काळजी, दोन्हीला वेगळं वाक्य लागलं नाही.

१८ मे २०२५

चाचणी-वाचक सहा. दोघे जंगलात काम केलेले, चौघे नुसते थरारकथांचे वाचक. ए-फोरच्या २१२ पानांच्या सहा प्रती. छपाई दीड रुपया पान आणि बांधणी ५० धरून प्रत ३६८ ला, एकूण २,२०८ रुपये. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक चिठ्ठी: आता कोणावर संशय, आणि कुठल्या ओळीमुळे. मत विचारू नका, ‘छान आहे’ याचा काही उपयोग होत नाही. ओळ विचारा.

जंगलवाल्या दोघांनीही एकोणिसाव्या प्रकरणात एकच भोक दाखवलं: कुटीवर वायरलेस असतो. ठरलेल्या वेळी उत्तर आलं नाही तर सकाळी शोध सुरू होईल, तुमच्या तीन रात्री होतीलच कशा? मी वायरलेस विसरले होते. आधी तो नादुरुस्त केला. तो फारच सोयीचा उपाय होता आणि सहापैकी चौघांच्या चिठ्ठीवर संशय चक्क लेखिकेवर आला. तिथे काम थांबवलं. जंगल बारीकसारीक गोष्टींत खरं राहिलं तरच वाचक नायकाच्या मनावर शंका घेतो. जंगल एकदा जरी लेखिकेच्या सोयीने वागलं, तर शंका माझ्यावर येते आणि खेळ संपतो.

दुसरा उपाय: वायरलेस चालू आहे. तिन्ही रात्रींची हजेरी नोंदवहीत लागलेली आहे. त्यातली एक हजेरी नायकाच्या आवाजातली आहे असं वायरलेसवरचा पलीकडचा माणूस शपथेवर सांगतो. नायकाला ती दिल्याचं आठवत नाही. नव्याने लिहिलेले शब्द ३,१००. पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग हाच.

२९ जून २०२५

उद्या गेट बंद होतील, मग ऑक्टोबरपर्यंत कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, जाता येणार नाही. उरलेल्या तपासण्या आज आटोपल्या: कुलूची साल, जाळरेषेची रुंदी, नाल्यातली वाळू.

कापणी संपली. नायकाचं नागपुरातलं बालपण, धरमपेठेतलं घर, मोडलेलं लग्न, सगळं गेलं. त्याच्या मनाला ‘कारण’ दिलं की ते उत्तर होऊन बसत होतं. ४० प्रकरणांची ३४ झाली, ६१,५०० शब्द.

१० ऑगस्ट २०२५

शेवट तिसऱ्यांदा लिहिला. पहिल्यात चौकीदाराने नायकाचा शर्ट घातला होता. ती फसवणूक होती. दुसऱ्यात एक डॉक्टर अकरा पानं समजावून सांगत होते. ती शिकवणी होती.

तिसरा शेवट कॅमेऱ्यातूनच आला. बॅटऱ्या बराच वेळ काढून ठेवल्या की कित्येक कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं, आणि पुन्हा लावताना चूक होऊ शकते. म्हणजे २:४० हीच वेळ संशयास्पद. पण कार्डावरच्या चित्रांचे क्रमांक पुढेच जातात. आपलं चित्र कुठल्या दोन चित्रांच्या मध्ये पडलं ते नायक बघतो. आधीच्या चित्रात तेंदूचे भारे घेऊन जाणारी माणसं आहेत, नंतरच्या चित्रात गस्तीची जोडी, आणि त्यांची वेळ वायरलेसच्या वहीत आहे. वाचकाला हे सगळं १८० व्या पानाआधी किमान दोनदा दिसलेलं असलं पाहिजे. अशा १४ गोष्टींची यादी केली, प्रत्येकीसमोर पान क्रमांक लिहिले. पाच गोष्टी एकदाच आल्या होत्या, त्या पेरल्या.

२१ सप्टेंबर २०२५

मांडणी. डेमी आकार, पानाला साधारण ३०० शब्द. मजकूर २०५ पानं, नव्या पानावर सुरू होणाऱ्या प्रकरणांमुळे रिकामी जाणारी जागा १७, सुरुवातीची ६. एकूण २२८. सोळा पानांचा फॉर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं), चौदा फॉर्मे म्हणजे २२४. चार पानांसाठी पंधरावा फॉर्मा आणि बारा कोरी पानं. अक्षर बारीक करायचा सल्ला मिळाला, तो घेतला नाही. ११ छोटी प्रकरणं मागच्याच पानावर चार ओळी सोडून सुरू केली, सहा पानं कमी झाली. आता २२२.

अक्षरजुळणी पानाला ३० रुपये, एकूण ६,६६०. आयएसबीएन अर्ज केल्यावर मोफत मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

जुळणाऱ्याने मजकूर जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये नेला आणि ‘ऱ्य’ फुटला. या कादंबरीत ‘कॅमेऱ्यात’ आणि ‘कॅमेऱ्याने’ पानोपानी आहेत. शोधून बदलण्यात नऊ जागा सुटल्या, कारण त्या ओळीच्या शेवटी तुटून दोन भागांत गेल्या होत्या. युनिकोडमध्येच जुळणी होईल का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. गेले: ६ दिवस.

९ नोव्हेंबर २०२५

शेवटचं प्रूफ मोठ्याने वाचलं, रोज २५ पानं, नऊ दिवस. डोळ्याने दोनदा वाचून सुटलेलं कानाला सापडतं. पान १८७ वर, अष्टमीच्याच रात्री, पहाटे तीनच्या सुमारास नायक ‘चांदण्यात’ कॅमेऱ्याचा पट्टा सोडवतो. जानेवारीत सगळीकडून काढलेलं चांदणं इथे राहून गेलं होतं. ‘चांदण्यात’ काढून ‘चाचपत’ केलं आणि बारावा फॉर्मा परत पाठवला.